दाबून पाहणारा माणूस

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा गाल दाबला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, बगलेत नेमणुकीचा कागद, केसांना तेल, नव्या नोकरीची सगळी अदब अंगात. हा पन्नाशीतला टोपीवाला माणूस सूक्ष्मदर्शकावरून उठला, माझ्यासमोर आला, आणि बाजारात आंबा पाहावा तसा अंगठ्याने माझा गाल दाबून, सोडून, परत दाबून म्हणाला, "चांगला शे. दाबा का लगेच वर येस." मग आपल्या स्टुलावर जाऊन बसला आणि पुन्हा यंत्रात डोळा घातला. मी हबकून दारातच उभा. मला वाटलं, चुकून वेड्यांच्या इस्पितळात रुजू झालो.

ती शहाद्याची मलेरियाची कचेरी होती, भाड्याच्या घरात. साल साठच्या पुढचं. माझं काम फिरस्तीचं. म्हसावदपर्यंत एस.टी.ने जायचं, तिथून पुढे डोंगराच्या पायथ्याचे पाडे पायी. घरोघर ताप विचारायचा, ज्याला ताप त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचं, चार गोळ्या द्यायच्या, आणि काचेवर नंबर घालून वहीत नाव लिहायचं. त्या काचा कचेरीत आल्या की हे त्या रंगवायचे आणि बघायचे. हिवतापाचा जंतू दिसला तर 'आहे', नाही दिसला तर 'नाही'. सरकारला त्यांच्याकडून एवढे दोनच शब्द हवे होते, आणि एवढ्या दोन शब्दांत राहणं त्यांना जन्मात जमलं नाही.

सगळे त्यांना बापू म्हणत. गाव ब्राह्मणपुरी. घरी भावांची केळी, कापूस, ऊस, सगळं भरलेलं. हे मात्र शहाद्यात एका खोलीत, एका बाजेवर आणि रद्दीतून उचललेल्या इंग्रजी मासिकांच्या ढिगात राहायचे. लग्न केलं नव्हतं. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "कोनी दाबू दिधं नही." हे वाक्य ते हेडक्लार्कच्या बायकोसमोरही म्हणाले होते. त्या माउलीने त्यानंतर कचेरीच्या बाजूने जाणंच सोडलं.

त्यांना वस्तू दाबून पाहिल्याशिवाय चैनच पडत नसे. जेवताना भाकरी आधी दाबणार. कुणाकडे गेले तर गादी दाबणार, लोड दाबणार, घरातल्या पोराचा दंड दाबणार. बाजारात तर नुसती आफत. टमाटे, वांगी, पपया, सगळ्यांवर त्यांचा अंगठा उमटायचा आणि विकत काही घ्यायचे नाहीत. एकदा एका बाईने त्यांचा हात धरला आणि भर बाजारात ओरडली, "ओ टोपीवाला दादा, लेनं व्हई ते ल्या, नहीते हात काढा!" मी शरमेने मान खाली घातली. बापूंनी शांतपणे त्या बाईला विचारलं, "बाई, शिळं वांगं मऊ का पडस?" ती म्हणाली, "पानी सुकस म्हणीसन." बापू मला म्हणाले, "देख, हाई बाईले माहीत शे. तुले माहीत नव्हतं." खरंच माहीत नव्हतं.

त्यांची एक गंमत होती. एरवी ते आमच्यासारखंच अहिराणी बोलत. पण विज्ञान सांगायला लागले की एकदम शाळेची मराठी सुरू व्हायची, जणू समोर वर्ग बसलाय. त्यांचं सगळं विज्ञान एकाच प्रश्नाभोवती फिरायचं: जिवंत वस्तूला आकार कोण देतं?

"पुस्तकात लिहिलंय, पेशी म्हणजे पातळ रसाने भरलेली पिशवी," ते म्हणायचे. "पिशवी असती तर तू आणि मी पाण्याने भरलेल्या पखाली असतो. दाबलं की एकीकडून दुसरीकडे गेलो असतो. तसं होतं का? दाबलं तर दबतं आणि सोडलं की परत येतं. म्हणजे आत काहीतरी धरून ठेवणारं आहे."

ते काय, हे त्यांनी मला पिंजाऱ्याच्या दुकानात नेऊन दाखवलं. पिंजारी धनुकलीने कापूस पिंजत होता आणि त्याच्यापुढे पांढरा ढीग फुगत चालला होता. बापूंनी त्यातला एक तंतू काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि फुंकर मारली. तंतू गेला कुठे ते कळलंही नाही. मग त्यांनी माझं मनगट धरून हात कोपरापर्यंत त्या ढिगात खुपसला. ढीग दबला. हात काढला, ढीग हळूहळू वर आला.

"एकेकट्याला काडीचा जोर नाही," बापू म्हणाले. "पण एकमेकांत गुंतले की त्यांच्यावर माणूस झोपतो. पेशीत असेच तंतू असणार. प्रथिनांचे. आपल्या यंत्राला दिसत नाहीत, पण असणार. गुंतलेले, पाण्यात भिजलेले, जागोजागी एकमेकांना धरलेले."

"बापू," पिंजारी काकुळतीला येऊन म्हणाला, "रुई को हात मत लगाओ. सेठ की गादी है."

घरी बाजेवर बसवूनही हेच. दर रविवारी ते बाजेची दावण, पायथ्याची दोरी, आवळायचे आणि मला तिच्यावर बसायला लावायचे. आधी हलकं, मग जोर देऊन. "बघ. थोडं बसलास तेव्हा झोळ पडला. जास्त बसलास तेव्हा दोऱ्या ताठ झाल्या आणि तुला धरलं. जितका भार, तितकी ती कडक. कापसाचं काम एक, बाजेचं दुसरं, आणि पेशीला दोन्ही येतं." मी मान डोलवायचो. बायको घरी विचारायची, आज बापूंकडे काय केलं, आणि मी सांगायचो, बाजेवर उठलो-बसलो. ती हसून लोटपोट व्हायची.

पण सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हेडक्लार्कचे वडील गेले तेव्हाची गोष्ट. म्हातारा बाजेवर बसल्या बसल्या, गुडघे छातीशी घेऊन गेला होता. हेडक्लार्कचा थोरला भाऊ रनाळ्याला. तो येईपर्यंत बापाला कुणी हात लावायचा नाही असं घरात ठरलं. आम्ही कचेरीतले अंगणात उभे. बापू सरळ आत गेले. बायका रडताहेत, आणि यांनी म्हाताऱ्याची हनुवटी धरून जबडा हलवून पाहिला. मग कोपर वाकवून पाहिलं. मग कमरेचं घड्याळ काढून बघितलं. रडणं एकदम थांबलं. इतकी भयाण शांतता मी कुठल्या मयताच्या घरी ऐकली नाही.

"पाय आत्ताच सरळ करा," बापू म्हणाले. "जबडा ताठरला. आणखी दोन-तीन तासांनी गुडघे तुमच्याने सुटायचे नाहीत."

हेडक्लार्कच्या धाकट्या भावाने त्यांना गचांडी धरून बाहेर काढलं. पायरीवरून पडले, टोपी एकीकडे, घड्याळ एकीकडे. मला त्यांना उचलायचीही लाज वाटत होती; उचललं ते नाइलाजाने. वाटेत ते धूळ झटकत मला समजावत होते, की स्नायूत तंतूंच्या दोन जाती असतात, एक दुसरीला पकडून ओढते, तेव्हा हात हलतो. आणि गंमत अशी, की पकड सोडायला शरीराला इंधन लागतं. श्वास थांबला, इंधन संपलं, की जी पकड बसते ती सुटतच नाही. "लोक समजतात मेलेला माणूस आखडतो. आखडत नाही रे. त्याला सोडता येत नाही."

थोरला भाऊ चार वाजता आला. गुडघे सरळ झाले नाहीत. जोर करून पाहिला तेव्हा आलेला आवाज मी सांगत नाही. शेवटी धाकटाच बापूंच्या खोलीशी आला, दाराबाहेर उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "बापू, सैल कव्हय पडतीन?" बापू म्हणाले, "उद्या सांजले." एवढा वेळ थांबणं शक्य नव्हतं. म्हातारा बसलेलाच नेला. हेडक्लार्क त्यानंतर बापूंशी कधी बोलला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही महिनाभर जरा लांबच राहिलो.

कामावर मात्र त्यांच्यासारखा माणूस नव्हता. इतर जण काचेवर जंतू शोधत आणि पुढची काच घेत. बापू म्हणायचे, "जंतू पाहुना शे. पाहुनाले सगळा देखतस, घर कोन देखी?" ते तांबड्या पेशीच बघत बसायचे. तांबडी पेशी त्यांची लाडकी, कारण ती स्वतःपेक्षा बारीक नळीतून जाते; मांजर फटीतून जातं तशी अंग चोरून, आणि पलीकडे गेली की पुन्हा गोल. पण कधी कधी, विशेषतः डोंगराकडच्या काचांत, त्यांना गोल पेशींच्या मध्ये विळ्यासारख्या वाकड्या, टोकदार पेशी दिसायच्या. असल्या काचा ते पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात वेगळ्या ठेवत. त्यांनी मला एकदा डोळा लावून त्या दाखवल्या. खरोखर विळे.

"यांच्यात जंतू नाही," ते म्हणाले. "आतलं प्रथिनच वाकडं आहे. चांगल्या रक्तात त्याचे कण सुटे सुटे पोहतात. यांच्यात प्राणवायू कमी पडला की कणाला कण जोडून दोऱ्या बनतात, आणि त्या दोऱ्या पेशीला आतून ताणून असं करून टाकतात. मग ती वाकत नाही. बारीक नळीत अडकते, आणि तिच्यामागे सगळा रस्ता बंद. तिथे माणसाला कळ येते, हाडं फोडावीत अशी. लोक म्हणतात वात आहे." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. अहवालात या काचांपुढे ते 'नाही' लिहीत आणि शेऱ्यात 'विळे'. साहेब दरवेळी तो शब्द खोडत.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती टाळून बापू सांगता येत नाहीत.

त्या वर्षी आषाढापासून पाऊस लागून राहिला. म्हसावदच्या वरच्या अंगाला एक नाला होता, तो उतरेना, आणि माझे पाडे नाल्याच्या पलीकडे. काचांचा आकडा तर भरायचाच होता. कमी भरला की साहेब सगळ्यांसमोर उभं करायचे. मग मी तेच केलं जे माझ्यासारखे आणखी काही जण करत होते. घरीच सुई काढली. स्वतःच्या बोटाला टोचायला मी भ्यायचो. दुसऱ्यांची हजार बोटं टोचलेला माणूस! बायकोने चुलीपुढे बसल्या बसल्या हात पुढे केला. "घ्या ना. मन्हं बोट काय झिजी जाई?"

आठवड्यातून दोनदा मी तिचं रक्त घ्यायचो, दर वेळी दोन काचा, आणि मागच्या वहीतली पाड्यावरची नावं घालायचो. तिला त्याची मजा वाटायची. "आज मन्हा रगतवर कोनं नाव लिखतस?" असं विचारायची, आणि सांगितलं की म्हणायची, "बाप्यानं नाव लिखा नका, मिशा फुटतीन माले!" तिला आठवा महिना लागत होता. आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. थंडी-पावसात तिचे हातपाय सुजायचे, ठणकायचे. तिची आई म्हणायची, आमच्या घरात वात आहेच. मीही तेच म्हणायचो. बापूंचं व्याख्यान ऐकूनही म्हणायचो, कारण विळे डोंगरातल्या लोकांना असतात अशी माझी पक्की समजूत होती.

अशा बारा काचा झाल्या. एक दिवस बापूंनी मला बोलावलं. बाराही काचा टेबलावर ओळीने मांडलेल्या.

"या बारा जणांत नातं काय?" शाळेच्या मराठीत विचारलं.

"एकच पाडा शे, बापू. सगळा नातलगच."

"बाराच्या बारांत विळे आहेत. सारखे. एवढे मी कुठे पाहिले नाहीत." त्यांचा चेहरा उतरला होता. "हा सगळा पाडाच आजारी आहे रे."

मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. ते विसरले नाहीत. साहेबांनी परवानगी नाकारली, तर रजा टाकली आणि पाणी जरा उतरताच पिशवीत काचा, सुया, गोळ्या घेऊन एकटेच वर गेले. पाचव्या दिवशी आले ते पायाला चिंध्या बांधून. दिवसभर यंत्रावर बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत बोलावून दार लोटलं.

"तू तठे गया नही, हाई माले समजनं," ते म्हणाले. "ते मंग देखसूत."

मग भाषा बदलली. "पाड्यावरच्या माणसांचं रक्त मी आणलं. एकातही विळा नाही. म्हणून तुझ्या बारा काचा परत पाहिल्या. या वेळी पांढऱ्या पेशी पाहिल्या. बाईच्या रक्तात काही पांढऱ्या पेशींच्या केंद्राला बारीक कोंब असतो, ढोलाच्या टिपरीसारखा. पुरुषाच्या रक्तात नसतो. तुझ्या बारांपैकी सात नावं पुरुषांची आहेत. सगळ्यांत टिपऱ्या आहेत."

मी खाली बघत होतो.

"ही एकच बाई आहे. मला तुझं खोटं नको, मला ती बाई पाहिजे. हे दुखणं अंगात घेऊन ती कुठेतरी भाकऱ्या भाजते आहे आणि तिला वाटतंय वात आहे. पोटुशी असेल तर बाळंतपणात अंगातलं रक्त कमी पडेल, कळा येतील, आणि सुईण म्हणेल बाहेरची बाधा. कोण आहे ती?"

मला अजून स्वतःची शिसारी येते, की तेव्हाही माझ्या डोक्यात पहिली आली ती नोकरी. मी म्हणालो, "आठवत नही, बापू."

त्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी बायको माझा डबा घेऊन कचेरीत यायची. दार ढकलून ती आत आली, पदराने घाम पुसत म्हणाली, "कवयनी आवाज दी ऱ्हायनू, जेवाले चला." बापूंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा मी रोज पाहत होतो आणि मला कधी दिसला नव्हता. डबा द्यायला तिने हात पुढे केला तर त्यांनी डब्याऐवजी तिचा डावा हात धरला, आणि करंगळीशेजारचं बोट उजेडाकडे केलं. बोटाच्या टोकावर सुईचे बारीक काळे ठिपके, एकाशेजारी एक.

"बेटा, कोन टोचस तुले?"

ती हसली. "आखो कोन व्हई? घरमाच डाक्टर शे ना. हप्तामा दोन दाव."

मला वाटलं, आता हे मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. बापूंनी तिला स्टुलावर बसवलं, पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला, "सगळं पी" म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "धुळानी गाडी कितला वाजता शे?"

त्याच दुपारी आम्ही तिघं निघालो. अर्ध्या वाटेत तिच्या मांडीत कळ सुरू झाली आणि ती माझ्या खांद्यावर दात रोवून बसली. आता मला ठाऊक होतं आत काय चाललंय: तिच्या अंगात दोऱ्या वळल्या जात होत्या आणि पेशी नळ्यांत अडकत होत्या. ठाऊक असून मी फक्त तिचा पाय धरू शकत होतो. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात बापूंनी पेढ्याचं खोकं डॉक्टरांपुढे उघडलं. डॉक्टरांनी आधी त्यांना दाराशी उभं केलं, मग काचा पाहिल्या, मग खुर्ची दिली. चौथ्या दिवशी मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच, मुठीएवढी. बायकोला रक्त लागलं. जुळलं ते बापूंचं. देताना ते स्वतःचाच दंड दाबून बघत होते आणि नर्स त्यांच्यावर खेकसत होती. मी व्हरांड्यात बसून पहिल्यांदा रडलो.

दोघी वाचल्या. बायको पुढे पुष्कळ वर्षं जगली, पाणी पीत, थंडी सांभाळत, मला टोमणे मारत.

सोळाव्या दिवशी, शनिवारी, आम्ही शहाद्याला परतलो. बापू आधीच आले होते. मी मुलीच्या नावाचे पेढे घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी पेढा घेतला नाही. बाजेवर बस म्हणाले, आणि स्वतः उभे राहिले.

"तुझ्या वहीतली बारा माणसं पाहायला गेलो, तेव्हा अकराच सापडली." बापू विज्ञान सोडून दुसरं काही शाळेच्या मराठीत बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "बारावी बाई मेली होती. तापाने. मी जायच्या आठ दिवस आधी. तुझ्या काचेवर तिचं नाव आहे आणि त्या काचेपुढे 'नाही' मी लिहिलंय, माझ्या हाताने."

त्या बाईचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे.

"हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू धुळ्याला बायकोजवळ बसला नसतास. म्हणून नाही सांगितलं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सोमवारले मी कागद वर धाडस. तुन्ही चूक बी लिखस, मन्ही बी. सोमवारपावत तू नोकरीवर शे. उद्या चाल."

"कोठे?"

"वर."

रविवारी भल्या सकाळी निघालो. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. बापूंचे पाय अजून बरे झाले नव्हते. ते काठी टेकत पुढे, मी त्यांची पिशवी घेऊन मागे. पूर्ण वाटेत त्यांनी काहीही दाबून पाहिलं नाही, आणि मला त्याची भीती वाटत राहिली.

त्या मेलेल्या बाईच्या नवऱ्याचं घर पाड्याच्या टोकाला होतं. तो कुडाला शेण लावत होता. आमची पद्धत अशी, की प्रत्येक फेरीला घराच्या दारामागे भिंतीवर तारीख टाकून सही करायची. बापूंनी दार ओढून मला ती भिंत दाखवली. माझी आषाढातली तारीख, माझी ऐटदार सही. तिच्याखाली कोळशाच्या रेघा होत्या. त्या खेपेला मी सांगून गेलो होतो की पंधरा दिवसांनी येतो. पंधरा रेघा ओळीने होत्या. मग जराशी जागा सोडून चार.

बापूंनी सांगितलं, की पंधराव्या दिवशी तो बायकोला पाठीवर घेऊन नाल्यापर्यंत उतरला होता आणि अंधार पडेपर्यंत पलीकडच्या काठाकडे बघत बसला होता; त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. त्याने त्यांना हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. गोळ्यावाल्याला काही झालं तर नाही ना, असं विचारताना सांगितलं होतं.

"सांग त्याले," बापू म्हणाले.

त्याची पावरी बोली मला कामापुरती यायची. पूर होता, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण पूर त्यानेही पाहिला होता. मग खरं सांगितलं. मी घरी होतो. माझ्या बायकोचं रक्त घेऊन त्यावर तुझ्या बायकोचं नाव लिहिलं. तो ऐकत होता. हातावरचं शेण वाळत होतं. माझं बोलणं संपल्यावर त्याने विचारलं,

"मग तुझ्या कागदात तिला हिवताप नव्हता?"

"नव्हता," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग हात धुऊन आत गेला. मला वाटलं, आता कुऱ्हाड घेऊन येईल, आणि मी जागचा हललो नाही. तो आला तेव्हा त्याच्या कडेवर चार वर्षांची पोर होती, डोळे लाल, ओठ सुकलेले. परवापासून ताप आहे, म्हणाला. आणि तिची मूठ उघडून डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट त्याने माझ्यापुढे धरलं.

मी बापूंकडे पाहिलं, तुम्ही घ्या म्हणून. त्यांनी पिशवीतून सुई आणि कोरी काच काढली आणि माझ्या हातात दिली. मी काच मांडीवर ठेवली, पेन्सिल काढली, आणि आधी पोरीला तिचं नाव विचारलं.